व्हर्जिनियाची बर्जेस सभा: सभासद कोण, आणि वादग्रस्त निवडणुकीचा निकाल कोण लावणार? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल आपल्याकडे बऱ्यापैकी वाचले जाते. पण त्याआधीची दीडशे वर्षे तिथल्या वसाहतींत लोकप्रतिनिधी कसे निवडले जात, निवडणुकीवरून भांडण झाले तर ते कुठे मिटत असे, याकडे फारसे कोणी वळत नाही. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सर्वांत जुनी आणि कागदपत्रांनी सर्वांत समृद्ध अशी सभा व्हर्जिनियाची, म्हणून पुढची सगळी उत्तरे तिच्याभोवती आहेत.

बर्जेस म्हणजे कोण?

वसाहतीतल्या एखाद्या वस्तीने, आणि पुढे काउंटीने, निवडून पाठवलेला प्रतिनिधी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. प्रत्येक काउंटीचे दोन बर्जेस असत. शिवाय जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि नॉरफोक ही शहरे आणि विल्यम अँड मेरी कॉलेज यांना प्रत्येकी एक जागा होती. १६४३ पर्यंत गव्हर्नर, त्याचे सल्लागार मंडळ आणि बर्जेस एकत्रच बसत. त्यानंतर बर्जेसांचे वेगळे सभागृह झाले, तेच हाऊस ऑफ बर्जेसेस. १७७० च्या दशकापर्यंत सभासदसंख्या शंभराच्या पुढे गेली होती.

पहिली सभा कशी भरली होती?

३० जुलै १६१९, शुक्रवार. वसाहतीची तेव्हाची राजधानी जेम्सटाउन, तिथल्या चर्चमध्ये. गव्हर्नर सर जॉर्ज यर्डली आपल्या नेहमीच्या जागी बसला, शेजारी सल्लागार. त्याच्या समोर सभापती म्हणून जॉन पोरी, पोरीच्या बाजूला लेखनिक आणि कठड्याशी हुकूम मिळताच धावायला सार्जंट. आधी प्रार्थना झाली. मग सगळ्या बर्जेसांना चर्चच्या मधल्या भागात मागे उभे राहायला सांगितले आणि एकेकाचे नाव पुकारून पुढे बोलावले. राजाचे सर्वोच्चत्व मान्य करण्याची शपथ प्रत्येकाने घ्यायची आणि मगच सभासद म्हणून बसायचे. अकरा वस्त्यांचे बावीस जण होते. पोरीने अहवालात मुद्दाम नोंदवले आहे की शपथ घेताना कोणीही कचरला नाही.

उकाडा इतका भयंकर होता की अनेक जण आजारी पडले. वॉल्टर शेली नावाचा बर्जेस १ ऑगस्टला वारला. ४ ऑगस्टला सभा आटोपती घ्यावी लागली.

सभासदत्वावरून वाद नेमका कधी सुरू झाला?

त्याच दिवशी. कायदा एकही झाला नव्हता आणि वाद मात्र दोन उभे राहिले. मला या दोन प्रकरणांचे फार अप्रूप वाटते, कारण पुढच्या दीडशे वर्षांची सगळी भांडणे त्यांच्यात बीजरूपाने दिसतात.

पहिला आक्षेप कॅप्टन वॉर्डवर होता आणि तो खुद्द सभापती पोरीनेच घेतला. वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची परवानगी न घेताच वॉर्डने वस्ती केली होती. मग त्याच्या वस्तीला प्रतिनिधी पाठवायचा हक्क आहे का? सभेने दोन्ही बाजू तोलल्या. गव्हर्नरच्या आदेशात ‘प्रत्येक वस्तीतून दोन’ एवढेच म्हटले होते, कोणती वस्ती सोडा असे म्हटलेले नव्हते. शिवाय वॉर्डने मासे आणून वसाहतीची उपासमार हलकी केली होती. त्याला बसू दिले, पण पुढच्या सभेपूर्वी रीतसर परवाना आणायच्या अटीवर.

दुसरे प्रकरण कॅप्टन जॉन मार्टिनचे, आणि ते जास्त अवघड होते. मार्टिनला कंपनीने दिलेल्या सनदेत एक कलम होते: त्याची जमीन इंग्लंडमधल्या एखाद्या जहागीरदाराच्या जमिनीसारखी राहील आणि युद्धप्रसंग सोडला तर वसाहतीचे हुकूम तिथे चालणार नाहीत. सभेचा प्रश्न सरळ होता. इथे होणारे कायदे ज्या वस्तीला लागूच नाहीत, तिच्या माणसांनी ते कायदे करायला इथे का बसावे? त्यात मार्टिनच्या माणसांविरुद्ध तक्रार आली होती की त्यांनी मूळ रहिवाशांच्या होडीतला मका, ते विकायला तयार नसताना, बळजबरीने मापून घेतला आणि बदल्यात मणी वगैरे फेकले. मार्टिनला बोलावणे धाडले. २ ऑगस्टला तो आला. ‘ते कलम सोडतोस का?’ असे विचारल्यावर त्याने साफ नकार दिला. त्याचे दोन्ही प्रतिनिधी बाहेर गेले.

पण हा अधिकार सभेला दिला कोणी?

लेखी असा कोणीच दिला नाही. सभेने तो घेतला, आणि घेताना लंडनकडे पाहिले. १६०४ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बकिंगहॅमशायरच्या जागेवरून मोठा पेच झाला होता. सर फ्रान्सिस गुडविन निवडून आला असताना सरकारी कचेरीने त्याची निवड रद्द केली आणि सर जॉन फोर्टेस्क्यूला निवडून आणले. कॉमन्सने राजा पहिल्या जेम्ससमोर ठामपणे सांगितले की निवडणुकीचा निवाडा आम्ही करणार. शेवटी तडजोड होऊन नव्याने निवडणूक झाली, पण निवडणुकीचे वाद तपासण्याचा कॉमन्सचा हक्क राजाने मान्य केला.

जॉन पोरी त्यानंतर लगेचच, १६०५ पासून, ब्रिजवॉटरचा खासदार होता. त्याने ही रीत जवळून पाहिलेली होती. जेम्सटाउनला त्याने ती जशीच्या तशी लावली. कायदे करण्याचा अधिकार गव्हर्नर रोखू शकत होता, लंडन रद्द करू शकत होते. पण आपल्यात कोण बसेल हे सभा स्वतः ठरवत होती. माझ्या मते वसाहतीच्या सभेची खरी ताकद इथून सुरू होते.

कोणाला सभासद होता येत नसे?

धर्मोपदेशकाला नाही. १६५३ मध्ये रॉबर्ट ब्रेसवेल नावाचा उपदेशक निवडून आला. असे पूर्वी कधी झालेले नाही आणि याचे परिणाम वाईट होतील, असे म्हणून सभेने त्याला दूर केले.

शपथ नाकारणाऱ्यालाही नाही. १६६३ मध्ये लोअर नॉरफोकच्या जॉन पोर्टरविरुद्ध तिथल्या शेरीफने (काउंटीच्या मुख्य अधिकाऱ्याने) तक्रार केली की हा क्वेकर लोकांचा (शपथ घेणे नाकारणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा) चाहता आहे आणि लहान मुलांच्या बाप्तिस्म्याच्या विरोधात आहे. पोर्टरने क्वेकरांबद्दलची आपुलकी लपवली नाही. मग त्याच्यासमोर शपथा ठेवल्या. त्याने त्या घेतल्या नाहीत आणि जागा गमावली. मतदारांनी त्याला पाठवले होते आणि त्यांच्याशी त्याने कसलाही दगा केला नव्हता. ज्या अधिकाराचे वर मी कौतुक केले, त्याच अधिकाराने हा अन्यायही झाला.

तिसरा गट आपल्या ओळखीचा: लाभाचे पद. शेरीफ, तंबाखूचा सरकारी तपासनीस अशांना सभेत बसता येत नसे. सभासद असताना एखाद्याने असे पद घेतले तर त्याची जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक लागे. या नियमामुळे एकदा इतिहास घडला, ते पुढे येईलच.

मत कोणाला होते?

सुरुवातीला बहुतेक स्वतंत्र पुरुषांना. १६७० मध्ये ते जमीनवाले आणि घरदार असलेले यांच्यापुरते केले. १६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात ते पुन्हा सर्व स्वतंत्र पुरुषांना मिळाले आणि बंड मोडल्यावर लगेच गेले. १६९९ च्या कायद्याने स्त्रिया, एकवीस वर्षांखालचे आणि कॅथलिक यांना स्पष्ट शब्दांत वगळले. १७३६ मध्ये मोजमाप पक्के झाले: पडीक जमीन असेल तर १०० एकर, किंवा घर नि लागवड असलेली २५ एकर, किंवा गावात घर आणि जागा. जमीन किमान वर्षभर ताब्यात हवी. ही वर्षाची अट येण्याचे कारण असे की निवडणुकीच्या तोंडावर जमिनीचे तुकडे नावावर करून मतदार ‘तयार’ केले जात होते.

ज्याला मत होते त्याने ते न दिल्यास २०० पौंड तंबाखूचा दंड होता. सक्तीचे मतदान ही आजची कल्पना नाही.

कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी?

गुलामांना मत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण जे स्वतंत्र होते, ज्यांच्याकडे जमीनही होती, त्यांचे मतसुद्धा १७२३ च्या कायद्याने काढून घेतले: कोणत्याही स्वतंत्र निग्रो, मुलाटो किंवा इंडियनला बर्जेसच्या निवडणुकीत मत राहणार नाही. (हे शब्द त्या कायद्याचे आहेत. मुलाटो म्हणजे मिश्र वंशाचा, इंडियन म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी.)

हा कायदा लंडनला तपासणीसाठी गेला तेव्हा वसाहतींच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या व्यापार मंडळाचा वकील रिचर्ड वेस्ट याने आक्षेप घेतला. केवळ रंगावरून एका स्वतंत्र माणसाला दुसऱ्यापेक्षा वाईट वागणूक का द्यावी, हे आपल्याला समजत नाही, असे त्याने लिहिले. उत्तर यायला १७३६ उजाडले. गव्हर्नर गूचने कळवले की या लोकांवर कायमचा शिक्का राहावा, स्वतंत्र झालो म्हणजे बरोबरीचे झालो असे त्यांना वाटू नये, हाच हेतू होता. त्या काळी कोणाला असा प्रश्न सुचलाच नसेल असे आपण सहज म्हणून जातो. प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर समजून-उमजून दिले गेले होते.

मतदान प्रत्यक्षात कसे होई?

उघड, तोंडी आणि उमेदवारांच्या देखत. काउंटीच्या कोर्टासमोर किंवा आत एक टेबल मांडलेले. मधे शेरीफ, बाजूला याद्या लिहिणारे कारकून आणि शक्यतो स्वतः उमेदवार. शेरीफ नाव पुकारी, मतदार पुढे येई आणि मोठ्याने आपली दोन नावे सांगे, कारण जागा दोन होत्या. ज्याला मत मिळाले तो उमेदवार उठून, मान झुकवून त्याचे आभार मानी. कारकून नावाखाली रेघ ओढी. कोण पुढे, कोण मागे, हे जमलेल्या सगळ्यांना क्षणोक्षणी कळत असे. ज्याच्याकडून कर्ज घेतले आहे तो समोर बसलेला असताना लहान शेतकऱ्याने त्याच्याविरुद्ध नाव उच्चारायचे, याला किती धैर्य लागत असेल याचा विचार करावा.

नंतर ही यादी कोर्टाच्या दप्तरी जमा होई. म्हणूनच कोणी कोणाला मत दिले हे अडीचशे वर्षांनंतरही काही काउंटींत नावानिशी वाचता येते.

मतदारांना दारू पाजणे चालत असे का?

कायद्याने नाही. १६९९ पासून नियम होता: निवडणुकीचा आदेश निघाल्यानंतर उमेदवाराने पैसे, जेवण, दारू किंवा भेट दिली तर त्याची निवड रद्द. व्यवहारात मात्र दारूशिवाय निवडणूक लढवणारा विरळा.

जॉर्ज वॉशिंग्टनचेच घ्या. १७५५ मध्ये फ्रेडरिक काउंटीत तो ४० मते मिळवून सपाटून हरला. १७५८ मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा सैन्यासोबत कंबरलँडच्या किल्ल्यावर होता, मतदानाला येऊही शकला नाही. त्याच्या वतीने कर्नल जेम्स वुड टेबलाशी बसला. मित्रांनी रम, रम-पंच, वाइन, बिअर आणि सायडर मिळून सुमारे १६० गॅलन वाटले. मतदार साधारण चारशे, म्हणजे माणशी दीड लिटर. बिल ३९ पौंडांच्या वर गेले. वॉशिंग्टनला ३०० हून अधिक मते पडून तो पहिला आला. नंतर वुडला लिहिलेल्या पत्रात त्याला एकच काळजी होती, की खर्च करताना हात आखडता तर घेतला नाही ना. ज्यांनी मत दिले नाही त्यांनाही सारखेच मिळाले असेल, अशी आशाही त्याने व्यक्त केली.

यात पळवाट होती ती ‘पाहुणचारा’ची. मोठ्या घरात आल्यागेल्याला जेवू-पिऊ घालणे ही रीतच आहे, मत मागण्याचा त्याच्याशी संबंध नाही, असा बचाव नेहमी होई. सभेला प्रत्येक वेळी हेच ठरवावे लागे: हा पाहुणचार होता की लाच?

हरलेल्या उमेदवाराने तक्रार कशी करायची?

सभेकडे अर्ज. सभा तो विशेषाधिकार आणि निवडणूक समितीकडे सोपवी. दोन्ही पक्षांनी आक्षेप असलेल्या मतदारांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. साक्षीदार दूरचे असतील तर त्यांच्या जबान्या काउंटीतच नोंदवल्या जात. मग समिती एकेक नाव घेऊन बसे: याची जमीन किती, खरेदीखत कधीचे, वर्ष पूर्ण झाले का? बाद मते वजा करून बेरीज नव्याने होई. समितीचा अहवाल सभेपुढे आला की अंतिम मत सभेचे. निवड रद्द झाली तर सभापती नव्या निवडणुकीची व्यवस्था करी. तक्रार पोकळ निघाली तर खर्च तक्रारदाराच्या माथी.

आपल्याकडे निवडणूक याचिका उच्च न्यायालयात जाते. तिथे न्यायालय बाहेर होते आणि सभासद स्वतःच न्यायाधीश होते. यात पक्षपाताला वाव होता, हे मान्यच करावे लागते.

निवडणुकीतले आश्वासन हा गुन्हा कसा?

तेव्हा होता. १७५८ च्या निवडणुकीत लुनेनबर्ग काउंटीच्या मॅथ्यू मॅरेबलने एका वजनदार मतदाराला पत्र लिहून दिले: मी निवडून आलो आणि काउंटीचे विभाजन करायला जिवापाड झटलो नाही, तर ५०० पौंड देणे लागेन. मोठ्या काउंटीत कोर्टापर्यंत पोचायलाच दिवस मोडत, म्हणून विभाजनाची मागणी खरी होती. पण लेखी हमी देऊन मत मिळवणे म्हणजे मताची खरेदी, असे ठरून त्याची निवड रद्द झाली.

त्याहून विलक्षण प्रकरण १७१५ मधले. बर्जेसांना दिवसाचा भत्ता तंबाखूत मिळे आणि तो काउंटीच्या करदात्यांवर पडे. वॉरिक काउंटीच्या विल्यम कोल आणि कोल डिग्ज यांनी भत्ता न घेता काम करू असे मतदारांना सांगितले. सभेने दोघांनाही काढले, कारण कर वाचवून देणे हीदेखील लाचच. यात स्वार्थ नव्हता असे नाही, पण मुद्दा बिनतोड आहे: फुकट काम करणे फक्त श्रीमंतालाच परवडते.

शेरीफ निःपक्षपाती असे का?

नेहमी नाही. मतदान कधी उघडायचे, कधी बंद करायचे, कोणाला आधी पुकारायचे हे त्याच्या हातात. दुसऱ्या जॉर्ज राजाच्या मृत्यूनंतर १७६१ मध्ये नव्या निवडणुका झाल्या तेव्हा वॉशिंग्टनसमोर अॅडम स्टीफन उभा होता. वॉशिंग्टनने शेरीफ व्हॅन स्वेअरिंजनला पत्र लिहून आपल्या बाजूचे मतदार सुरुवातीलाच घ्यावेत असे सुचवले. सुरुवातीची आघाडी पाहून कुंपणावरचे लोक वळतात, हे तो पक्के ओळखून होता. वॉशिंग्टन सहज जिंकला.

पॅट्रिक हेन्रीचा या सगळ्याशी काय संबंध?

फार मोठा. १७६४ च्या नोव्हेंबरमध्ये हॅनोव्हर काउंटीचे प्रकरण समितीपुढे आले. नॅथॅनिएल वेस्ट डँड्रिजची तक्रार होती की जेम्स लिटलपेजने मतदारांना खाऊ-पिऊ घातले आणि तंबाखू तपासणीच्या गोदामांबाबत आश्वासने देऊन मते मिळवली. डँड्रिजचा वकील होता अठ्ठावीस वर्षांचा पॅट्रिक हेन्री. जाडेभरडे कपडे घालून आलेल्या या खेडवळ वकिलाकडे विल्यम्सबर्गच्या बड्या मंडळींनी आधी लक्षच दिले नाही, असे सांगतात. मग मताच्या हक्कावर तो बोलायला लागला आणि खोली स्तब्ध झाली.

खटला मात्र तो हरला. लिटलपेजची निवड वैध ठरली, तक्रार निरर्थक ठरून खर्च डँड्रिजवर पडला.

सहा महिन्यांनी लुइझा काउंटीचा बर्जेस विल्यम जॉन्सन याने कोरोनरचे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे) पद स्वीकारले. लाभाचे पद, म्हणून जागा रिकामी. पोटनिवडणुकीत हेन्री निवडून आला आणि २० मे १७६५ रोजी त्याने सभेत जागा घेतली. नऊच दिवसांनी, २९ मेला, त्याने स्टॅम्प कायद्याविरुद्धचे (ब्रिटिश संसदेने वसाहतींतल्या कागदपत्रांवर बसवलेल्या कराविरुद्धचे) ठराव मांडले: आमच्यावर कर बसवायचा अधिकार फक्त आमच्या सभेला. पाच ठराव मंजूर झाले. पाचवा एका मताने टिकला आणि हेन्री घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला. पण तोवर ठरावांच्या प्रती बाहेर पडल्या होत्या. जॉन्सनने ते पद नाकारले असते तर त्या मे महिन्यात हेन्री सभेत नसता.

गव्हर्नरला सभासद काढता येत नसे, मग तो करी काय?

सगळी सभाच बरखास्त करी, किंवा उलट, मर्जीतली सभा संपू देत नसे. गव्हर्नर बर्कलीने १६६१ ते १६७६ सार्वत्रिक निवडणूकच घेतली नाही. या ‘लांबलेल्या सभे’वरचा राग बेकनच्या बंडामागच्या कारणांपैकी एक होता. पुढे फॉकियरने १७६५ मध्ये, बोटेटोर्टने १७६९ मध्ये आणि डनमोरने १७७४ मध्ये सभा बरखास्त केली. शेवटच्या दोन्ही वेळी सभासद जवळच्या रॅली टॅव्हर्न या खानावळीत जाऊन बसले.

भारताशी याचा काही धागा आहे का?

एक आहे. व्हर्जिनिया कंपनीचा १६१९ पर्यंतचा प्रमुख सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही प्रमुख होता. जेम्सटाउनला सभा भरण्याआधीच्या वर्षांत सुरतेला उतरून जहांगीराच्या दरबारी गेलेला सर थॉमस रो हाही व्हर्जिनिया कंपनीच्या कारभारात होता. तिथे गेलेल्या इंग्रजांना सभा मिळाली, इथे कंपनीने वखार घातली.

शेवटी या सभेचे काय झाले?

६ मे १७७६ रोजी काही सभासद विल्यम्सबर्गला जमले. त्यांनी कामकाज सुरू केले नाही आणि तहकूबही केले नाही. नोंदवहीत तेवढे लिहून खाली ‘समाप्त’ अशा अर्थाचा एकच लॅटिन शब्द टाकला. नव्या राज्याच्या सभेने विशेषाधिकार आणि निवडणूक समिती तशीच पुढे चालू ठेवली. एप्रिल १७८९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या प्रतिनिधिगृहाने जी पहिली स्थायी समिती नेमली, तीही निवडणुकांचीच होती.